टायरी बेटावरची गॅलिक स्थळनावं: नोंद कशी करायची

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, मल बेटाच्याही पलीकडे, अटलांटिकमध्ये टायरी नावाचं एक सपाट, झाडं जवळजवळ नसलेलं बेट आहे. लांबी सुमारे १९ किलोमीटर, सगळ्यात उंच टेकडी १४१ मीटर, २०११ च्या जनगणनेत वस्ती ६५३. नकाशा उघडला तर त्यावर शे-दोनशे नावं दिसतील. पण जन्मभर तिथे गुरं राखलेल्या किंवा खेकड्यांचे सापळे टाकलेल्या माणसाशी बोललात तर नकाशावर नसलेली नावं कितीतरी जास्त निघतात. प्रत्येक खडकाला, ओहोळाला, वाळूच्या उंचवट्याला, पडक्या घराच्या जोत्याला नाव आहे आणि ते गॅलिकमध्ये आहे. (बेटांवर भाषेचं नाव ‘गॅलिक’ असंच उच्चारतात. ‘गेलिक’ म्हटलं की त्यांना आयर्लंड आठवतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘गॅलिक’ म्हणा.)

२०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलणारे सुमारे ७० हजार भरले, म्हणजे २०११ पेक्षा जास्त. पण ही वाढ ग्लासगो, एडिनबरासारख्या ठिकाणच्या शिकणाऱ्यांमुळे आहे. भाषेचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या पश्चिमी बेटांच्या जिल्ह्यात बोलणारे निम्म्याच्या खाली आले. शहरात शिकलेल्याला भाषा येईल, पण ओहोटीला कोणता खडक उघडा पडतो आणि त्याला काय म्हणतात हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असलेली माणसं म्हातारी झाली आहेत. म्हणून स्थानिक इतिहास मंडळं आणि हौशी मंडळी हे काम अंगावर घेतात. त्यात उतरू पाहणाऱ्यासाठी ही पद्धत आहे. उदाहरणं टायरीची घेतली आहेत, पण स्काय, बारा, लुईस यांपैकी कोणत्याही बेटावर ती लागू पडेल.

एक गोष्ट आधीच बजावतो: अर्थ सगळ्यात शेवटी. बहुतेक हौशी नोंदी बिघडतात त्या अर्थाच्या घाईने. उच्चार, जागा आणि सांगणारा या तीन गोष्टी पक्क्या असतील तर अर्थ पन्नास वर्षांनीही कोणी लावू शकेल. त्या नसतील तर अर्थ कितीही सुंदर असला तरी नोंद कुचकामी.

हद्द आखा

अख्खा पॅरिश एकदम हाती घेऊ नका. पॅरिश हा चर्चचा आणि जुन्या कारभाराचा विभाग. माणसं जगतात ती त्याच्या आतल्या ‘बाले’मध्ये, म्हणजे वाडीत. टायरीत अशा तीसेक वाड्या आहेत: बालेवुलिन, बालेफुइल, किर्कापोल, हायनिश, वॉल वगैरे. एक वाडी निवडा. तिची शेती, सामाईक गायरान, किनारा ओहोटीच्या रेषेपर्यंत आणि समोरच्या समुद्रातले खडक एवढी हद्द धरा. समुद्र सोडू नका. टायरीसारख्या बेटावर किनाऱ्याची नावं आतल्या जमिनीपेक्षा दाट असतात.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० चा नकाशा घ्या आणि तेवढाच भाग मोठा करून छापा. जेवणाच्या टेबलावर पसरता येईल एवढा कागद हवा. मोबाइलच्या पडद्यावर ऐंशीच्या पुढच्या माणसाला खडक दाखवायला सांगणं हा अन्याय आहे.

आधी कागद चाळा

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने नकाशे संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. त्यातला सहा इंचाला मैल या प्रमाणातला एकोणिसाव्या शतकातला ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा हा तुमचा पाया. तो आजच्या उपग्रह-चित्रावर ठेवून पारदर्शक करता येतो. भिंती, तळी, पडकी घरं जागच्या जागी जुळतात. त्याआधीचंही साहित्य आहे. १६५४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ब्लाऊ या नकाशाकाराने छापलेल्या नकाशासंग्रहात ही बेटं आहेत. आर्गाइलच्या ड्यूकसाठी जेम्स टर्नबुलने १७६८ च्या सुमारास टायरीची मोजणी केली, तिचा नकाशाही आहे. स्पेलिंग विचित्र दिसलं तरी जसंच्या तसं उतरवून घ्या, सुधारू नका. कारण ते विचित्र स्पेलिंग हाच त्या काळच्या उच्चाराचा पुरावा असतो.

नकाशाइतक्याच मोलाच्या आहेत ऑर्डनन्स सर्व्हेच्या नावांच्या वह्या. आपल्या सातबारावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. त्या एका रकान्याची पूर्ण वही केली तर जे होईल ते हे. प्रत्येक नावापुढे वेगवेगळी स्पेलिंगं, ती कोणी सांगितली, जागा कुठे आणि थोडं वर्णन असे रकाने. या वह्या स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवलेल्या आहेत. वाचताना ‘कोणी सांगितलं’ हा रकाना नीट पाहा. तिथे बहुधा पाद्री, शाळामास्तर, इस्टेटीचा कारभारी, मोठा कुळवाडी अशी प्रतिष्ठित मंडळी असतात. गाई घेऊन रोज किनाऱ्यावर जाणाऱ्या बाईला फारसं कोणी विचारलेलं नसतं. सर्वेक्षकांनाही गॅलिक क्वचितच येत असे. तेव्हा वही म्हणजे एक साक्षीदार, न्यायाधीश नव्हे.

मग आवाज. एडिनबरा विद्यापीठात १९५१ मध्ये ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ सुरू झालं आणि तिथल्या संग्राहकांनी बेटोबेटी फिरून ध्वनिमुद्रणं केली. त्यातली हजारो ‘टोबर अन डुअलखस’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. तुमच्या वाडीतला, आता हयात नसलेला माणूस तिथे बोलताना सापडू शकतो. गोष्ट भलतीच असते, पण जाता जाता तो तीन-चार जागांची नावं घेऊन जातो. अशी नावं सोनं समजा, कारण ती नाव विचारलं म्हणून सांगितलेली नाहीत, सहज बोलण्यात आलेली आहेत. टायरीत स्कॅरिनिश गावात ‘अन ईअलन’ नावाचं बेटाचं स्वतःचं संग्रहालय आहे, तिथली कागदपत्रंही चाळा.

हे सगळं एका स्प्रेडशीटमध्ये घाला. नियम एकच: एका ओळीत एका साधनातलं एक नाव. पाच नकाशांवर पाच तऱ्हांनी लिहिलेलं नाव पाच ओळींत जाईल. सगळ्या ओळींना जोडणारा जागेचा क्रमांक वेगळ्या रकान्यात द्या.

कोणाला विचारायचं

गायरान समितीचा चिटणीस हा चांगला दरवाजा, कारण त्याला कोणाकडे काय माहिती आहे हे ठाऊक असतं. पण त्याच्यापाशी थांबू नका. ज्या बायकांनी लहानपणी गाई वळल्या, विहिरीवरून पाणी आणलं, त्यांच्याकडे घराच्या आसपासची बारीक नावं असतात. मच्छीमारांकडे समुद्राची. लग्न किंवा नोकरीमुळे ग्लासगोला गेलेल्यांना विसरू नका. बेट सोडलेल्या माणसाची नावं कधीकधी जास्त ताजी असतात, कारण तिथली कुंपणं बदललेली त्यांनी पाहिलेली नसतात.

तुम्हाला गॅलिक येत नसेल तर येणारा जोडीदार घ्या आणि बोलणं त्याला करू द्या. तुम्ही यंत्र, नकाशा आणि वही सांभाळा. तरी जुजबी तयारी हवीच. लर्नगॅलिक या संकेतस्थळावर शब्दांचे उच्चार ऐकता येतात आणि स्काय बेटावरच्या ‘सावल मोर ओस्टाइग’ या गॅलिक महाविद्यालयात छोटे वर्ग असतात. भूरूपांचे तीसेक शब्द कानात बसले की काम सुकर होतं. उदाहरणार्थ, टेकडीचा शब्द नकाशावर वाचताना ‘क्नॉक’ वाटतो, पण तोंडी तो ‘क्रोख्क’ असा येतो. हे माहीत नसेल तर तुम्ही ‘क्र’ने सुरू होणारं नवंच नाव शोधल्याच्या आनंदात राहाल.

संमती लेखी घ्या, सोप्या शब्दांत: आवाज कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नाव छापायचं की नाही, नंतर मन बदललं तर काय. ब्रिटनमध्ये हयात माणसाची माहिती साठवताना माहिती-संरक्षण कायदा लागू होतो. मेंढ्या विण्याच्या दिवसांत, म्हणजे साधारण एप्रिल-मेमध्ये, कोणाच्या दारात जाऊ नका. रविवारी जायचं का, ते आधी विचारा, काही घरांत तो दिवस पाळतात. हिवाळ्यातली संध्याकाळ उत्तम. बाहेर वारा असतो, कोणाला कुठे जायचं नसतं.

बैठक

ध्वनिमुद्रण संकुचित न करता, वेव्ह फाइलमध्ये करा. सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने बोला. घड्याळ, फ्रीज, कुत्रा यांची काय ती व्यवस्था आधी लावा.

नकाशावरचं नाव वाचून ‘हे बरोबर आहे ना?’ असं कधीही विचारू नका. माणसं सभ्य असतात, ती ‘हो’ म्हणतात. बोट ठेवा आणि विचारा, ‘इथे काय म्हणता?’ त्याहून बरं म्हणजे चालतं करा: ‘शाळेतून घरी कोणत्या वाटेने यायचात?’ ‘गाई सकाळी कुठे सोडायच्या?’ ‘वादळानंतर शैवाल गोळा करायला कुठे जायचात?’ वाट सांगता सांगता नावं ओळीने येतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंधही कळतो.

नाव आलं की सांगणाऱ्याला ते पुन्हा उच्चारायला लावा आणि मग एका वाक्यात वापरायला सांगा: तिथे होतो, तिथून आलो, तिथे जातोय. ही पायरी लोक गाळतात आणि मग भाषातज्ज्ञ कपाळाला हात लावतात. गॅलिकमध्ये शब्दाची पहिली व्यंजनं वाक्यातल्या जागेनुसार मऊ होतात. ‘म’ आणि ‘ब’ दोन्हींचा ‘व’ होतो, ‘प’चा ‘फ’ होतो. नावाला सुरुवातीचं उपपद (इंग्रजी ‘द’सारखं) आहे का, नाव पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे वाक्यातच उघड होतं. शिवाय त्या जागेसाठी ‘वर’, ‘आत’ की ‘खाली’ असा कोणता शब्द लावतात तेही नोंदवा. बेटावर ‘वर गेलो’ म्हणजे चढण चढलो असं नाही, बऱ्याचदा ती ठरावीक दिशा असते.

हा व्यंजनांचा खेळ किती महत्त्वाचा आहे ते नकाशाच सांगतो. मल बेटावरचं टोबरमोरी हे बंदर गॅलिकमध्ये ‘टोबर वोरे’, मेरीची विहीर. टायरीच्या नैर्ऋत्येला समुद्रात स्केरीवोरचा दीपस्तंभ आहे, १८३८ ते १८४४ या काळात ॲलन स्टीव्हन्सनने बांधलेला. त्यातलं ‘वोर’ म्हणजे ‘मोर’, मोठा. मोठा खडक. बालेवुलिनमधलं ‘वुलिन’ हे ‘मुलिन’, म्हणजे गिरणी. इंग्रजी लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं आणि व्याकरण आत गोठून राहिलं.

दोन माणसं एकत्र बसली आणि वाद झाला तर थांबवू नका, यंत्र चालू ठेवा. एकाच खडकाला दोन वाड्यांत दोन नावं असणं अगदी स्वाभाविक आहे. त्यातलं खरं कोणतं हे ठरवणं तुमचं काम नाही. दोन्ही घ्या.

जागेवर जा

टेबलावर दाखवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत पन्नास-शंभर मीटरचा फरक सहज पडतो. तेवढ्यात तीन नावं हुकतात. शक्य तर सांगणाऱ्याला गाडीने जवळ घेऊन जा. ब्रिटिश ग्रिडचा, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांच्या जाळीचा, सहा आकडी संदर्भ १०० मीटरचा चौकोन दाखवतो, आठ आकडी १० मीटरचा. आठच्या खाली जाऊ नका. त्या ग्रिडच्या मोठ्या चौकोनांना अक्षरं आहेत. टायरीचा काही भाग एनएल चौकोनात आणि काही एनएममध्ये येतो, तेव्हा अक्षरं गाळली तर तुमचा खडक भलत्याच समुद्रात जाईल.

ठिपका की रेषा की क्षेत्र, हेही लिहा. विहीर हा ठिपका, ओहोळ ही रेषा, गायरानाचा तुकडा हे क्षेत्र. फोटो दोन काढा: जवळून एक, आणि नाव ठेवणाऱ्याने जिथून पाहिलं असेल तिथून एक. जमिनीवरून निरर्थक वाटणारं नाव होडीतून पाहिल्यावर लख्ख कळतं. मच्छीमार दोन खुणा एका रेषेत आणून आपली जागा ठरवतात, त्या खुणांची नावंही याच वहीत जातात.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूसुधार कायद्याने कोणालाही जबाबदारीने कुठूनही चालण्याचा हक्क आहे. तरी घराचं अंगण, उभं पीक आणि व्यायला आलेल्या मेंढ्या यांपासून दूर राहा, आणि आधी सांगून जा. हक्क असला तरी चहा मिळत नाही.

आता अर्थ

अर्थासाठी दोन रकाने ठेवा आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. एकात लोक काय सांगतात ते. दुसऱ्यात भाषेवरून काय निघतं ते, आणि त्यापुढे खात्रीची श्रेणी: पक्का, संभाव्य, अंधारात.

लोक सांगतात ते चुकीचं असलं तरी ती बेटाची संपत्ती आहे. टायरीच्या उत्तर किनाऱ्यावर खळगे असलेला एक मोठा धोंडा आहे. दगडाने ठोकला की धातूसारखा वाजतो. त्याचं नाव ‘क्लाख अ खोरे’. फुटला किंवा बेटाबाहेर गेला तर टायरी बुडेल अशी आख्यायिका आहे. ‘क्लाख’ म्हणजे दगड यात शंका नाही. ‘कोरे’ म्हणजे मोठं पातेलं, आणि डोंगरातल्या खोलगट दरीलाही तोच शब्द. आता जागेवर उभे राहा: सपाट किनारा, दरीचं नाव नाही. म्हणजे पातेलंच. ही नोंद अशी दिसेल. उच्चार: ध्वनिफाइलचा क्रमांक आणि मिनिट. जागा: दहा आकडी संदर्भ, ठिपका. लोक सांगतात: वाजणारा दगड, बुडण्याची कथा, सांगणाऱ्याचा संकेतांक. भाषेवरून: पातेल्याचा दगड, पक्का. शेरा: खळगे आणि नाद दोन्ही पाहिले-ऐकले. असंच ‘नऊ जिवंतांची विहीर’ या नावाचं. विधवा आणि तिची आठ मुलं तिच्या पाण्यावर तगली ही कथा पहिल्या रकान्यात जशीच्या तशी जाते. ती खरी की खोटी हा प्रश्न तिथे नाही.

सगळ्यात मोठा खड्डा नॉर्स भाषेचा. व्हायकिंग काळात या बेटांवर स्कँडिनेव्हियन लोक वसले आणि वाड्यांची, टेकड्यांची कितीतरी नावं त्यांची आहेत. नंतर गॅलिक बोलणाऱ्यांनी ती आपल्या तोंडाने घडवली. किर्कापोल घ्या. गॅलिक कोश घेऊन बसाल तर पहिल्या भागात ‘कोंबडीचा’ असा शब्द मिळेल आणि कोंबड्यांचं गाव म्हणून छान गोष्ट तयार होईल. प्रत्यक्षात ते नॉर्स आहे: चर्चची शेतवाडी. क्रॉसापोल तसंच, क्रुसाची शेतवाडी. ‘पोल’ने संपणारी नावं टायरीत पुष्कळ आहेत आणि ‘नीश’ने संपणारी, म्हणजे भूशिराची, हायनिश आणि स्कॅरिनिश. एकटं नाव सोडवू नका. सारख्या शेवटाची नावं शेजारी मांडा, मग कूळ कळतं. याउलट बालेफुइल स्वच्छ गॅलिक: चिखलाची, डबक्याची वाडी. शेजारीच ‘लोख अ फुइल’ हे तळं आहे, म्हणजे जमीनही साक्ष देते.

काही ठिकाणी कान हरतो. बेटाच्या पश्चिम टोकाच्या भूशिराला ‘केन अ वारा’ म्हणतात. ‘केन’ म्हणजे डोकं, टोक. पण ‘वारा’ मूळचं ‘मारा’, समुद्राचं, की ‘बारा’, माथ्याचं? मऊ झाल्यावर दोन्ही सारखेच ऐकू येतात. समुद्राचा अर्थ गोड वाटतो, पण त्या शब्दाला साधारणपणे ‘ना’ उपपद लागायला हवं. आणि जवळच बारापोल वाडी आहे. अशा वेळी ‘संभाव्य’ लिहून दोन्ही बाजू मांडा आणि पुढे चला.

शब्दांच्या आजच्या अर्थावरही विसंबू नका. ‘गोरम’ कोशात निळा असेल, पण गवताच्या हिरव्यालाही तोच शब्द आहे. निळी टेकडी शोधत फिरू नका. ‘मुख्क’ म्हणजे डुक्कर, पण देवमाशालाही समुद्राचं डुक्कर म्हणतात. किनाऱ्यावरच्या खाचेच्या नावात तो आला तर दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

लिहायचं कसं

‘एन्यमेन आइचे ना हालपा’ ही गॅलिक स्थळनावांबाबत सल्ला देणारी राष्ट्रीय संस्था. तिचा कोश संकेतस्थळावर आहे. मथळ्याचं रूप तिच्या नियमांनी लिहा, पण स्थानिक उच्चार त्या नियमांत बसवण्यासाठी वाकवू नका. त्यासाठी वेगळा रकाना आणि ध्वनिफाइल आहे. स्वरांवरची तिरकी खूण गाळू नका. लांब आणि आखूड स्वराने शब्दच बदलतो. आणि स्प्रेडशीट साठवताना ती खूण टिकेल असं युनिकोड निवडलंय ना, ते पहिल्याच दिवशी तपासा.

कुठे ठेवायचं, काय झाकायचं

ध्वनी आणि तक्ता यांच्या तीन प्रती, त्यातली एक बेटाबाहेर. एक प्रत स्थानिक संग्रहालयाला द्या आणि त्यांच्याशी हक्कांबद्दल लेखी ठरवा. सगळंच जाहीर करायचं नसतं. गरुडाच्या घरट्याचा कडा, बाप्तिस्मा न झालेल्या मुलांना पुरल्याची जागा, जिवंत घराण्याला झोंबणारं टोपणनाव असलेलं शेत, हे नोंदवा, पण कुटुंबाला विचारल्याशिवाय नकाशावर चढवू नका.

मग कच्चा नकाशा छापा आणि वाडीच्या सभागृहात लावा. कडेला भरपूर कोरी जागा सोडा आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवा, पेन नको. पहिल्या बैठकीत गप्प बसलेली माणसं तिथे येऊन खोडतात, बाण काढतात, ‘हे इथे नाही, पलीकडे’ असं लिहितात. प्रत्येक दुरुस्तीखाली नाव लिहायची विनंती करा. नाहीतर कोणाकडे परत जायचं ते कळणार नाही.